सत्तर किलोचा बुवा: लाळ, केस आणि नाशिकचा उन्हाळा

मोगरा_नाशिक | ९ एप्रिल, रात्री १०:१५

चार वर्षं झाली, आमच्याकडे सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा आहे. नाव बुवा. सेंट म्हणजे संतच की, असं म्हणून सासऱ्यांनी ठेवलं. आला तेव्हा चौदा महिन्यांचा होता आणि वजन ५८ किलो. आता ७१ भरतं. आधीच्या घरच्यांनी तो देताना कारण एवढंच सांगितलं होतं, "लाळ आणि केस. आम्हाला नाही जमत."

गेल्या महिन्यात याच कारणासाठी सोडायला काढलेल्या आणखी एका बर्नार्डबद्दल मला फोन आला. वर्षभरातला तिसरा. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लाळ आणि केस यांपायी कुत्रा सोडावा लागत नाही, त्यांची घरात व्यवस्था लावता येते. पण उन्हाळा सांभाळायची ताकद नसेल तर या जातीचं पिल्लू आणू नका. लोक नेमकं उलटं करतात. पिल्लू आणताना उन्हाचा विचार करत नाहीत आणि मग केसांचं निमित्त करून देऊन टाकतात.

लाळेचं आधी. या कुत्र्यांना लाळ जास्त सुटते असं मलाही वाटायचं. तसं नाही. त्यांच्या ओठांच्या कडा सैल लोंबतात, त्यामुळे लाळ तोंडात राहत नाही. पाणी पिऊन झालं, समोर कोणी जेवायला बसलं, फिरून आला, की हनुवटीखाली वीतभर दोरी. मग तो मान झटकतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की क्रम पाठ झालाय: आधी कान हलतात, मग गालाची कातडी, मग सगळं डोकं. कान हलले की हातात पंचा हवा. नसला तर दोरी सुटते आणि भिंतीवर जाते. आमच्या फ्रिजच्या वर, हात पुरणार नाही अशा ठिकाणी, मी लाळ पुसलेली आहे.

ओली असताना पुसली तर पसरते. वाळली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी कडक पापडी होते. पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं निम्मं करून त्या फडक्याने दोन मिनिटं दाबून धरायचं, मग निघते. डिस्टेंपरच्या भिंतीचा मात्र रंगच निघून आला, म्हणून आम्ही सगळ्या घराला पाच फुटांपर्यंत ऑइल पेंट दिला. प्रत्येक दारामागे खिळ्याला एक पंचा. घरात चौदा पंचे आहेत, ते वेगळे धुतले जातात. पाण्याचं भांडं बाल्कनीत, खाली मोठी परात. सासूबाईंनी जुन्या टर्किश टॉवेलची लाळेरी शिवलीत, पाहुणे आले की तो लाळेरं घालून बसतो.

केस. वर्षभर थोडे, पण दोनदा नुसता पूर येतो. आमच्याकडे संक्रांतीनंतर होळीपर्यंत आणि मग नवरात्रानंतर. आतली मऊ लोकर पुंजक्यांनी सुटते. त्या दिवसांत रोज गच्चीवर अर्धा तास रेकने, म्हणजे लांब दातांच्या कंगव्याने, विंचरते. कानामागे आणि मागच्या मांड्यांना आधी बोटं घालून बघायचं, तिथे गाठी धरतात. घरात केर झाडूने काढायचा नाही, झाडूने केस उडतात आणि तासाभराने पुन्हा खाली बसतात. ओलसर मॉप किंवा रबरी पात्याचा वायपर. सोफ्यावर ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवला की केसांची वळकटी होऊन हातात येते. कणीक मळली की लगेच झाकते, परातीवर ताट असतंच. तरी वर्षातून दोनचार वेळा पोळीत केस निघतो. देवघराला सासूबाईंनी काचेचं दार करून घेतलं आणि विषय संपवला.

आता उन्हाळा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी नाही. मी ऑफिसात, घरी सासूबाई. तासाभराने त्यांचा फोन आला, "अगं, याची लाळ आज वेगळीच दिसतेय." एरवी पाण्यासारखी गळणारी लाळ घट्ट झाली होती, फेसाळ, तोंडाच्या दोन्ही बाजूंना चिकटलेली. जीभ रुंद आणि लालभडक. हाक मारली तर नुसते डोळे फिरवत होता. त्यांनी माझी वाटच पाहिली नाही. बाथरूममध्ये नेऊन नळाचं पाणी पोटावर, काखेत, जांघेत ओतत राहिल्या, शेजारच्या मुलाला वर्तमानपत्राने वारा घालायला लावला. मी पोचले तेव्हा ताप १०४.६ होता. डॉक्टरांकडे नेईपर्यंत १०३ वर आला आणि तो उठून बसला.

सासूबाईंनी दोन वर्षं त्याची लाळ पुसली होती म्हणून त्यांना फरक कळला. मी त्या दिवसापासून लाळेकडे तक्रार म्हणून बघत नाही. पातळ वाहतेय तोवर मी निर्धास्त असते.

तुमचे अनुभव लिहा. मोठ्या कुठल्याही जातीचे चालतील.

---

रानजाई | ९ एप्रिल, रात्री ११:०२

कामाला बाई टिकते का? माझ्याकडे साधा लॅब आहे तरी दोघींनी सोडलं.

---

मोगरा_नाशिक | ९ एप्रिल, रात्री ११:२०

टिकली आहे. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, केसांचे महिन्याला वेगळे पैसे आणि लाळेचे पंचे धुवायचे नाहीत, ते आम्ही धुतो. मावशींच्या कामात कुत्र्याचं काम न बोलता घुसडलं की माणूस सोडतं, आणि बरोबरच आहे.

---

रांगडा_करवीर | १० एप्रिल, सकाळी ७:३०

ताई, चांगला धागा काढलात. आमचा ग्रेट डेन, कोल्हापूर. आखूड केसांचा म्हणून घेतला, केस कमी गळतील या समजुतीने. ते चूक होतं. लांब केस निदान गोळा करता येतात. डेनचे आखूड केस सुईसारखे कापडात रुततात. काळी पँट मी चार वर्षांत घातलेली नाही.

पण मला दुसरंच सांगायचंय. ताईंनी लाळेचं लिहिलंय ना, ते वाचून अंगावर काटा आला. गेल्या दिवाळीच्या आधी रात्री अकराला आमचा वाघ्या येरझाऱ्या घालायला लागला. बसेना, उठेना. उलटीचा उमाळा यायचा आणि बाहेर फक्त लाळ, फेस. अन्न नाही, पित्त नाही. आई म्हणाली गवत खाल्लं असेल, ओवा दे. मी पोटावर हात ठेवला तर डाव्या बाजूला बरगड्यांमागे ढोलासारखं ताणलेलं. टिचकी मारली तर आवाज आला.

जठर फुगून त्याला पीळ पडला होता. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे होतं आणि डेनमध्ये सगळ्यात जास्त. रक्तपुरवठा बंद होतो, काही तासांत कुत्रा जातो. घरगुती उपाय नाही, ऑपरेशनच. पहिल्या दवाखान्यात "गॅस झालाय, सकाळी या" म्हणाले. मी ऐकलं नाही, दुसरीकडे नेला. रात्री दीडला टेबलावर घेतला. पीळ सोडवून जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधलं, म्हणजे पुन्हा फिरणार नाही. वाचला.

यातलं एक कोणी आधी सांगितलं नव्हतं. ६८ किलोचा कुत्रा रात्री गाडीत घालायचा कसा? तो चालेना. दोघांना उचलेना, पोटावर दाब द्यायचा नाही. शेवटी जाड सोलापुरी चादर त्याच्या अंगाखाली सरकवली, चार कोपऱ्यांना चार माणसं, झोळी करून नेला. ती चादर आता गाडीत कायम असते. आणि गल्लीतल्या तीन घरांचे नंबर भिंतीवर लिहिलेत, रात्री उठून येतील अशांचे.

---

सुमन५८ | १० एप्रिल, दुपारी ३:४५

नमस्कार. मी पुण्याची, वय ६४. मुलगा सेंट बर्नार्डचं पिल्लू आणायचं म्हणतोय. तळमजल्याचा दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट, मागे थोडं अंगण. तो आणि सूनबाई दोघं सकाळी आठला जातात. म्हणजे दिवसभर मी. मला कुत्र्यांची भीती नाही, माहेरी वाड्यात तीन होते. पण माझे गुडघे दुखतात आणि मी रोज पूजा करते, सोवळं नाही पण स्वच्छता लागते. नाही म्हटलं तर मुलाचं तोंड उतरतं. खरं सांगा, झेपेल का?

---

मोगरा_नाशिक | १० एप्रिल, सायं. ६:१०

सुमनकाकू, खरं सांगते. लाळ आणि केस तुम्हाला झेपतील, आमच्या सासूबाई ६९ च्या आहेत. पिल्लू झेपणार नाही. वर्षभरात ते पन्नास किलोच्या पुढे जातं आणि डोकं तेव्हाही पिल्लाचंच असतं. आनंदाने अंगावर येतं. तुमच्या गुडघ्यांना एक धक्का पुरे. आणि एसी आहे का, ते लिहा.

---

ओटावाचा_अण्णा | १० एप्रिल, रात्री ८:५५

मी मूळचा चिपळूणचा, इथे ओटावात न्यूफाउंडलंड पाळलाय. उणे २० मध्ये हा दाराबाहेर बर्फात झोपतो आणि आत ये म्हटलं तर येत नाही. जुलैत ३० अंश झाले की तळघरातल्या फरशीवर पोट टेकून पडून असतो. जनावर कुठल्या हवेसाठी घडलंय ते इथे रोज दिसतं.

केसांवरून एक गोष्ट सांगतो. बर्नार्ड ज्या मठातले, तो स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत आहे, २,४६९ मीटर उंचीवर. तिथले जुने कुत्रे आखूड केसांचे होते. मठातला सगळ्यात नावाजलेला बॅरी, १८०० ते १८१४, बर्नच्या संग्रहालयात जपून ठेवलाय. तो ४०-४५ किलोचा असावा, म्हणजे आजच्या बर्नार्डपेक्षा कितीतरी हलका. पुढे १८३० च्या सुमारास माझ्या न्यूफाउंडलंडशी संकर झाला, त्यातून लांब केस आले. बर्फात त्या केसांना गोळे धरायचे, कुत्रा जड व्हायचा. मठवाल्यांनी लांब केसांची पिल्लं खाली दरीतल्या लोकांना देऊन टाकली. आमच्याकडे हिवाळाभर पायांच्या केसांत तसेच गोळे होतात, कोमट पाण्यात पाय बुडवून सोडवावे लागतात, त्यामुळे मला हे अगदी पटतं.

गळ्यातलं ब्रँडीचं पिंप लँडसियर नावाच्या इंग्रज चित्रकाराच्या १८२० च्या चित्रातून आलं. मठात तशी पद्धत नव्हती. आता हे कुत्रे २००५ पासून मार्टिनी गावातली बॅरी फाउंडेशन सांभाळते आणि उन्हाळ्यात त्यांना वर खिंडीत नेते. स्वित्झर्लंडच्या उन्हाळ्यातही त्यांना डोंगरावर चढवतात, मग नाशिकच्या मे महिन्याचं काय बोलायचं!

---

गोठ्यातला_डॉक्टर | ११ एप्रिल, सकाळी ६:४०

मी सांगली भागात पशुवैद्य आहे. गाईम्हशी जास्त, पण हल्ली मोठे कुत्रेही येतात. चारच गोष्टी सांगतो, त्या दर उन्हाळ्यात सांगाव्या लागतात.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो, म्हणजे जिभेवरून आणि तोंडातून पाणी उडून गेलं पाहिजे. हवा दमट असेल तर ते उडत नाही. म्हणून मुंबई-कोकणात पारा कमी दिसतो यावर जाऊ नका.

उन्हाळ्यात तासून केस काढू नका. दर एप्रिलला कोणीतरी हौसेने गुळगुळीत केलेला बर्नार्ड घेऊन येतं. वरचा थर उन्हापासून कातडी वाचवतो, आणि एकदा तासला की पुन्हा धड येईलच असं नाही. आतली सुटलेली लोकर विंचरून काढा, हवा खेळती राहील. पोटाखालचे थोडे कापले तर चालतं.

मोगराताईंच्या सासूबाईंनी केलं ते अगदी बरोबर. आधी थंड करा, मग दवाखाना. पाणी आणि वारा दोन्ही. नुसता ओला टॉवेल पाठीवर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता कोंडतो. १०३ च्या आसपास आला की थांबा, नाहीतर अंग जास्त गार पडतं. उठून बसला तरी तपासून घ्या, मूत्रपिंडाला इजा झालेली नंतर कळते.

आणि पिल्लांना कॅल्शियमचं सिरप पाजू नका. एवढा मोठा होणार, हाडं मजबूत हवीत, म्हणून लोक दुकानातून बाटल्या आणतात. लहान पिल्लाच्या शरीराला जादा कॅल्शियम शोषून घेणं थांबवता येत नाही, हाडं वाकडी होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य द्या, ते बेताने द्या, पिल्लू सडसडीत ठेवा.

लाळेबद्दल: ओठांच्या घडीत रोज बोट घालून कोरडं करा. तिथे वास यायला लागला, लाल झालं, तर दाखवा. हनुवटीखालचे केस सतत ओले राहिले की त्याखाली चट्टे पडतात, दाट केसांत दिसत नाहीत. गोचिडांचंही तसंच, बोटांनीच शोधावे लागतात.

---

रानजाई | ११ एप्रिल, सकाळी ९:१५

डॉक्टर, सुटलेली लोकर मी गच्चीत पक्ष्यांच्या घरट्यांसाठी ठेवते. चालतं ना?

---

गोठ्यातला_डॉक्टर | ११ एप्रिल, दुपारी १:०५

मानेवर गोचिडांचं औषध लावत असाल तर नको. ते केसांत राहतं आणि घरट्यातल्या पिल्लांपर्यंत जातं. कचऱ्यात टाका.

---

माळरान_उदगीर | ११ एप्रिल, रात्री ९:३०

मला हे सगळं वाचून वाईट वाटतंय, आणि राग मोगराताईंवर नाही. त्यांनी दुसऱ्याने टाकलेला सांभाळला. पण ही जात मुळात इथे आणायचीच कशाला? आमच्या भागात कारवान आणि पश्मी आहेत. शिडशिडीत, लाळ नाही, या उन्हात पिढ्यान् पिढ्या जगलेले. माझी कारवान कुत्री ४२ अंशांत सावलीला आरामात असते. कोणाला मोठं रुबाबदार कुत्रं हवं असेल तर तिच्यासारखी चालताना बघावी. २०१६ साली सरकारने विक्रीच्या पैदाशीसाठी परदेशी कुत्री आयात करायला बंदी केली, तरी इथल्या इथे पैदास चालूच आहे, कारण आपण पिल्लं विकत घेतो.

---

मोगरा_नाशिक | ११ एप्रिल, रात्री १०:४०

माळरानदादा, पिल्लू विकत घेण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच पहिल्या पोस्टमध्ये 'आणू नका' लिहिलं. पण जे इथे जन्मून बसलेत, त्यांना गार फरशी लागते आणि पुसणारा हात लागतो. त्यांचं काय करायचं हा माझा प्रश्न आहे. कारवानलाही पळायला माळरान लागतं, तो दोन खोल्यांत कोंडला तर तेही हालच.

आमची उन्हाळ्याची घडी लिहिते, कोणाला उपयोग होईल. फिरणं पहाटे पाचला आणि रात्री दहानंतर. डांबरी रस्त्याला आधी तळहात लावायचा, टेकवत नसेल तर घरी परत. एक खोली एसीची, आणि लाइट गेली तर एसी चालेल एवढा जनरेटर सोसायटीत आहे का, ते बघून आम्ही घरच बदललं. वीजबिल मार्च ते जून दुप्पट. खाणं दिवसातून तीनदा थोडं थोडं, पोटाच्या पिळाची भीती मलाही आहे.

---

सातवा_मजला | १२ एप्रिल, सकाळी ८:२०

ठाण्यात आहोत, मास्टिफ आहे, ६२ किलो. सोसायटीने नोटीस लावलीय, मोठ्या कुत्र्यांना लिफ्ट बंद. सात मजले त्याला रोज चढवायचे का? त्याचे गुडघे आधीच खराब आहेत.

---

रांगडा_करवीर | १२ एप्रिल, सकाळी ९:००

भाऊ, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून सेक्रेटरींना द्या. आकारावरून कुत्र्याला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत, असं त्यात आहे. पण कागद देताना सोबत पंचाही ठेवा. लिफ्टच्या आरशावर लाळ उडाली तर तिथेच पुसा. माझ्या भावाच्या सोसायटीत विरोध त्या आरशावरूनच सुरू झाला होता. आणि कोणी लहान मूल घेऊन उभं असेल तर पुढची लिफ्ट घ्या.

---

सातवा_मजला | १२ एप्रिल, सकाळी ९:१२

आरशाचं आमच्याकडेही झालंय. आजपासून पंचा घेतो. आभार.

---

सुमन५८ | २ मे, दुपारी ४:३०

सगळ्यांना नमस्कार. त्या दिवशी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला मुलाला, रांगडा यांच्या चादरीपर्यंत आला तेव्हा तो गप्प झाला. पिल्लू रद्द केलं. मग मोगराकडून तिला फोन आलेल्या त्या बर्नार्डबद्दल कळलं. मादी आहे, साडेपाच वर्षांची, नाव राणी. आम्ही आधी तीनदा जाऊन भेटलो. ती अंगावर येत नाही, हळूच येऊन मांडीवर डोकं ठेवते आणि मांडी भिजते.

या जातीला आठ-दहा वर्षंच आयुष्य असतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे तिची तीन-चार राहिलीत. मुलगा म्हणाला, "आई, विचार कर." मी म्हटलं, माझ्या वयाला ती बरोबरीची आहे.

हॉलला एसी बसवला, इन्व्हर्टर मोठा घेतला. देवघर आत बेडरूममध्ये हलवलं. मोठी चादर तयार आहे. समोरच्या जिमची दोन मुलं रात्रीबेरात्री येतो म्हणालीत, नंबर भिंतीवर लिहिलेत. काल संध्याकाळी राणी आली. रात्रभर दाराकडे तोंड करून बसली होती, मीही हॉलमध्येच सतरंजी टाकली. पहाटे पाणी प्यायली, मान झटकली, माझ्या चष्म्यावर. पुसून पाहिलं, पातळच होती.

मोगरा, तुझ्या सासूबाईंना लाळेऱ्याचं माप विचार ना. मशीन काढून बसलेय.

---

मोगरा_नाशिक | २ मे, सायं. ५:०५

काकू, त्या शेजारीच बसल्यात, सांगतायत तसं लिहिते.

टॉवेल जुना घ्या, नवा पाणी शोषत नाही. गळ्याचा घेर मोजून त्यात तीन इंच वाढवा. पुढे त्रिकोण, खाली टोक छातीच्या हाडापर्यंत, दोन पदरी. नाडी लावू नका, कुठे अडकली तर फास बसेल, वेल्क्रो लावा म्हणजे ओढ बसली की सुटतं. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. रात्री आणि ती एकटी असताना काढून ठेवा. निदान सहा शिवा. आणि फिकट रंगाच्या कापडाची शिवा म्हणतायत, म्हणजे लाळेत रक्ताचा किंवा पिवळा अंश आला तर लगेच दिसेल.